मॅक्रो फोटोग्राफी कमी पैशांत: खान्देशातल्या नव्या हौशींचे नेहमीचे प्रश्न

मी अमळनेरजवळ राहतो आणि गेली काही वर्षे बांधावरचे किडे-मुंगे, कोळी, फुलांचे परागकण यांचे फोटो काढतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे ओळखीचे-अनोळखी लोक भेटले की साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मॅक्रो म्हणजे नेमके काय? जवळून काढलेला प्रत्येक फोटो मॅक्रो का?

काटेकोर अर्थाने, वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडली की ते १:१, म्हणजे मॅक्रो. नेहमीच्या डीएसएलआरचा सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद असतो. १:१ वर तेवढाच भाग चौकटीत मावतो, म्हणजे ढालकिडा चांगला ठळक दिसतो आणि मुंगीला मात्र अजून जागा उरते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स यापेक्षा मागे असते. ती वस्तूच्या साधारण एक तृतीयांश आकारापर्यंत पोचते.

सुरुवातीला या आकड्यात अडकू नका. अळीचे तोंड पान कुरतडताना स्पष्ट दिसले, तर तो फोटो १:२ चा आहे की १:१ चा, हे कोणी विचारत नाही.

सुरुवातीला काय विकत घेऊ?

पहिला महिनाभर काहीच घेऊ नका. त्याऐवजी घराजवळचे रुईचे एक झुडूप निवडा. खान्देशात रुई नाही असा रस्ता नाही, असा बांध नाही. रोज किंवा एक दिवसाआड सकाळी पंधरा मिनिटे त्याच झुडपाशी थांबा आणि आहे त्या मोबाइलने फोटो काढा.

रुईच का? कारण या एका झाडावर एक पूर्ण वस्ती असते. प्लेन टायगर फुलपाखरू पानावर एकेक अंडे घालते. त्यातून काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निघते आणि पुढे पानाखाली कोष लटकतो. कोवळ्या शेंड्यांना पिवळ्या माव्याचा थर असतो, त्याला खायला ढालकिडे येतात. फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, रुईच्या परागीभवनाचे काम तेच करतात. पानांच्या बेचक्यात कोळी दबा धरून बसलेला असतो. कोणता किडा केव्हा स्थिर असतो, कोणत्या बाजूने जवळ गेले की उडतो, हे या झुडपाने मला जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही व्हिडिओने नाही. शिवाय महिन्याभरात तुम्हाला नेमके काय कमी पडते तेही कळते. अंतर कमी पडते, उजेड कमी पडतो, की हात हलतो? पैसे त्यावर खर्च करा. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका. तो लागलेला हात डोळ्याला लावला तरी फार त्रास होतो.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल. मोबाइलच्या लेन्सपुढे एक भिंग आले की तो मॅक्रो कॅमेरा होतो. बाजारात क्लिपवाल्या लेन्स काही शेकड्यांत मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच ठीक काम करतात. पण माझा पहिला सल्ला वेगळा आहे: सराफ बाजारात जा. जळगावचे सोने सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे सोनारकामाची हत्यारे विकणारी दुकानेही आहेत. सोनार हिरा-खडा बघायला जे दहा पट दाखवणारे, घडी होणारे भिंग वापरतात, ते मागा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंगही चालते, पण सोनाराच्या चांगल्या भिंगात दोन-तीन काचा जोडलेल्या असतात, त्यामुळे कडेला रंग फुटत नाहीत.

भिंग मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यावर अगदी मधोमध टेकवा, चिकटपट्टीने किंवा केसांच्या रबराने बसवा. कॅमेरा २x वर घ्या, नाहीतर कडेला काळे वर्तुळ दिसेल. दहा पटीच्या भिंगाचे नाभीय अंतर (फोकल लांबी) २५ मिलिमीटर असते, म्हणून किड्यापासून भिंग साधारण अडीच सेंटिमीटरवर आले की चित्र स्पष्ट होते. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळे धूसर. बोटाच्या एका पेराएवढा भाग चौकट भरून दिसतो.

पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस कुलूपबंद करा आणि मग फोकस मिळवण्यासाठी मोबाइलच केसभर पुढे-मागे न्या. मॅक्रोमध्ये फोकस आपण शरीराने करतो. हे एकदा अंगवळणी पडले की पुढे कोणताही कॅमेरा हातात आला तरी उपयोगी पडते.

मोबाइलमध्ये वेगळा "मॅक्रो" कॅमेरा दिला आहे. तो वापरू का?

स्वस्त मोबाइलमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा बहुतेक निराश करतो. मुख्य कॅमेऱ्याने थोडे लांबून काढून नंतर कापलेला फोटो त्याहून बरा येतो. काही महागड्या फोनमध्ये अल्ट्रावाइड कॅमेऱ्यालाच ऑटोफोकस दिलेला असतो आणि तो दोन-तीन सेंटिमीटरवरून फोकस करतो. तो उत्तम असतो. तुमचा यातला कोणता, हे एका मुंगीवर दोन्हीकडून फोटो काढून पाहिले की लगेच कळते.

डीएसएलआर आणि किट लेन्स आहे. सर्वांत स्वस्त मार्ग कोणता?

लेन्स उलटी लावा. रिव्हर्स रिंग नावाची एक धातूची चकती मिळते. तिची एक बाजू कॅमेऱ्यात बसते आणि दुसरीवर लेन्सचे तोंड फिरवून बसवायचे. खर्च काही शेकडे. घेण्याआधी लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेला व्यास पाहा: ४९, ५२, ५५, ५८ मिलिमीटर असे काहीतरी असते. रिंग त्याच मापाची हवी.

५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की साधारण १:१ मिळते, २८ ची लावली तर जवळपास दुप्पट. १८-५५ ची लेन्स उलटी असताना झूम फिरवला की मोठेपणा बदलतो, आणि गंमत म्हणजे उलटा बदलतो: १८ कडे नेले की जास्त मोठे.

अडचण छिद्राची, म्हणजे लेन्समधून किती उजेड आत येणार हे ठरवणाऱ्या ॲपर्चरची. एफ/८, एफ/१६ हे त्याचेच आकडे; आकडा मोठा तितके छिद्र लहान. लेन्स उलटी झाली की कॅमेऱ्याशी विजेचा संबंध तुटतो. जुन्या लेन्सना छिद्राची कडी असते, त्यांना हा प्रश्नच नाही. कॅननच्या आजच्या लेन्सला कडी नाही, पण एक युक्ती आहे. लेन्स सरळ लावून एव्ही मोडमध्ये (छिद्र आपण ठरवतो तो मोड) एफ/८ ठेवायचे, डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्टतेची खोली) बघण्याचे बटण दाबून धरायचे आणि तसेच धरून लेन्स काढायची. छिद्र तिथेच थांबते. काही बॉडींवर हे बटण लेन्सजवळ असते, काहींवर मेन्यूतून दुसऱ्या बटणाला हे काम द्यावे लागते. निकॉनच्या कडी नसलेल्या लेन्स काढल्यावर छिद्र पूर्ण मिटते. मागची छोटी पट्टी सरकवून कागदाच्या घडीने अडवावी लागते. निकॉनच्या नवशिक्यांसाठीच्या स्वस्त बॉडींवर कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडमध्येच ठेवा, नाहीतर तो फोटोच काढणार नाही.

आणखी एक गोष्ट. उलट्या लेन्सची मागची काच आता उघडी आणि किड्याच्या बाजूला असते. खान्देशातल्या उन्हाळ्याच्या धुळीत तिला जपा.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे काय? ती घ्यावी का?

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी. आत काच नसते, त्यामुळे स्वस्तातली ट्यूबही चित्र खराब करत नाही. हिशेब सोपा आहे: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी. ५० च्या लेन्समागे ३६ मिलिमीटरची नळी लावली तर ०.७२, आणि १२, २० व ३६ अशा तिन्ही जोडल्या तर ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६. किट लेन्सला १८ वर ठेवून लांब नळी लावू नका. फोकस लेन्सच्या काचेच्या आतच पडतो आणि काहीच दिसत नाही. मग लोक नळी खराब निघाली म्हणतात.

विजेचे टोक असलेली ऑटो ट्यूब आणि नुसती धातूची साधी ट्यूब, असे दोन प्रकार आहेत. साधी खूप स्वस्त, पण छिद्राची अडचण वर सांगितली तीच. तुमच्याकडे ५० मिलिमीटर एफ/१.८ असेल तर ऑटो ट्यूबला थोडे जास्त पैसे द्या, असे मी मनापासून सांगेन. रोजच्या वापरात हीच जोडी सर्वांत कमी त्रासाची आहे.

क्लोज-अप फिल्टरबद्दल काय मत?

हे म्हणजे लेन्सच्या तोंडावर चढवायचे भिंग. मी पहिल्यांदा तेच घेतले होते, +१, +२, +४, +१० अशा ताकदीच्या चार काचांचा स्वस्त संच. +१० लावला की मध्यभाग बरा, कडा मात्र पातळ दुधासारख्या, आणि प्रत्येक केसाला जांभळी किनार. ते पैसे वाया गेले याचे मला अजून वाईट वाटते, कारण त्याच पैशांत रिव्हर्स रिंग आली असती.

पण कल्पना चुकीची नाही, काच एकेरी होती. दोन-तीन काचा जोडून केलेली क्लोज-अप लेन्स उत्तम काम देते. रेनॉक्सची डीसीआर-२५० ही त्यातली प्रसिद्ध, ८ डायॉप्टरची, म्हणजे +८ ताकदीची. ती चिमट्याने ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाच्या लेन्सवर बसते. ५५-२५० सारखा झूम असेल तर २५० वर जवळपास दुप्पट मोठे दिसते आणि तरी किडा लेन्सपासून बारा सेंटिमीटर दूर राहतो. चतुर आणि फुलपाखरे यांच्यासाठी हे अंतर फार मोलाचे आहे. उजेडही कमी होत नाही. रिंग आणि ट्यूबपेक्षा महाग, पण मॅक्रो लेन्सच्या मानाने बरीच स्वस्त.

जुन्या स्टुडिओतल्या लेन्स वापरता येतात का?

येतात, आणि याकडे आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत रोलवर काम करणारे फोटो स्टुडिओ होते. अंधारखोल्या बंद झाल्या, पण एन्लार्जर (रोलवरचा फोटो मोठा करून कागदावर उतरवण्याची यंत्रे) माळ्यावर पडून आहेत. एन्लार्जरची ५० मिलिमीटरची लेन्स मुळात जवळच्या, सपाट गोष्टीसाठीच घडवलेली असते आणि तिला छिद्राची कडीही असते. बहुतेकींच्या मागे ३९ मिलिमीटरचा आटा असतो. तेवढ्याच मापाचा अडॅप्टर आणि साध्या ट्यूब जोडल्या की अतिशय धारदार मॅक्रो लेन्स तयार. घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सोडून द्या. स्टुडिओवाल्या काकांकडे अर्धा तास बसा. लेन्ससोबत उजेडाबद्दल जे ऐकायला मिळेल त्याची किंमत कुठल्या दुकानात होत नाही.

फोटो काळे येतात, नाहीतर हलतात. काय चुकते?

काही चुकत नाही, उजेड पुरत नाही. नळी लावली किंवा लेन्स उलटी केली की प्रकाश कमी होतो. १:१ वर एफ/८ ठेवले तरी काम एफ/१६ सारखे होते, म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश. त्यात किडा हलतो, फांदी हलते, आपला श्वास हलतो.

म्हणून काच घेण्याआधी उजेडाचे बघा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत. वापरलेला साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो, ऑटोची गरज नाही. कॅमेरा एम मोडवर, शटर १/२००, छिद्र एफ/८ ते एफ/११, आयएसओ २००, फ्लॅशची ताकद १/१६. इथून सुरू करा आणि फक्त फ्लॅशची ताकद कमी-जास्त करा. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. चित्र त्या क्षणात गोठते, हात थरथरला तरी कळत नाही.

पण उघडा फ्लॅश किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पाडतो. ढालकिडा, भुंगेरा यांची पाठ म्हणजे आरसाच. त्यासाठी डिफ्यूझर हवा, आणि तो घरी करायचा. माझा असा आहे: चिप्सचा गोल डबा, आतून चंदेरी. बुडाकडे फ्लॅशचे तोंड जाईल एवढी खिडकी कापली. दुसरे टोक तिरके कापून लेन्सच्या पुढच्या कडेपर्यंत आणले. त्यावर बटर पेपर, आणि त्याच्यापुढे चार बोटे अंतर सोडून टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम, लेन्सवर छपरासारखा वाकवलेला. दोन थरांमधले हे अंतर विसरू नका. प्रकाश मऊ होतो तो त्या पोकळीत पसरल्यामुळे. फोम किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितकी सावली हलकी. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅशही असाच वापरता येतो, फक्त लेन्सची सावली पडणार नाही इतका प्रकाश पुढे आणावा लागतो.

मागे काळा अंधार येत असेल तर किड्यामागे चार-सहा बोटांवर एक हिरवे पान धरा. केळीच्या पानाचा तुकडा यासाठी फार छान.

डोळा स्पष्ट येतो, पाय धूसर. सगळा किडा स्पष्ट कसा आणू?

१:१ वर एफ/८ ला स्पष्टतेची खोली मिलिमीटरपेक्षाही कमी असते. छिद्र आणखी मिटवले तर खोली वाढते, पण एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळेच चित्र मऊ होऊ लागते. म्हणून आधी कोन बदला. किड्याचे शरीर सेन्सरला समांतर येईल असे उभे राहा, आणि डोळा स्पष्ट असेल याची खात्री करा. बाकी धूसर राहिले तरी फोटो जिवंत वाटतो.

स्थिर किड्याचे फोकस थोडे थोडे सरकवत दहा-पंधरा फोटो काढून ते संगणकावर जोडता येतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. पिकोले आणि कॉम्बाइन-झेडपी ही मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतात.

ट्रायपॉड लागतो का?

शेतात नाही. डाव्या हाताने फांदी धरा, त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवा. फांदी आणि कॅमेरा एकत्र हलतात, त्यामुळे अंतर बदलत नाही. जमिनीवरच्या गोष्टींसाठी कापडी पिशवीत ज्वारी भरून तिच्यावर कॅमेरा ठेवा.

खान्देशात केव्हा आणि कुठे जावे?

थंडीत पहाटे. किडे थंड रक्ताचे, ऊन लागेपर्यंत जागचे हलत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, त्या दिवशी पाटचारीच्या गवतावर टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक किडे) आणि चतुर दवाने मढून बसलेले असतात. सूर्य वर आला की अर्ध्या तासात खेळ संपतो. हरभऱ्याच्या शेतात तर जायलाच हवे. पानांवरच्या बारीक ग्रंथींमधून आंब पाझरते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब उभा राहतो. ती आम्लयुक्त असते, काचेला लागली तर लगेच पुसा.

मृगाचा पहिला पाऊस पडला की सगळे सोडून बाहेर पडा. लाल मखमलीचा मृगाचा किडा वर्षातून थोडेच दिवस वर येतो. आठ पायांचा, कोळ्यांच्या गोतातला. जमिनीवर पालथे पडा आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो काढा, वरून काढलेला नुसता लाल ठिपका दिसतो. श्रावणात लिंबू आणि कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या शोधा, त्या पुढे हिरव्या होतात आणि फुलपाखरे बनतात. गवतात खंडोबाचा किडा (प्रार्थना कीटक) सापडेल.

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारी बाहेर पडू नका, आणि कॅमेरा गाडीत ठेवू नका. रावेर, यावलकडचे असाल तर सकाळी केळीच्या बागेत जा. सगळीकडे कोरडे असताना ठिबकच्या नळीजवळ मधमाश्या पाणी प्यायला येतात. इतरांनी घरातच काम करावे: कापसाचा धागा, नंदुरबारच्या मिरचीचे बी, मिठाचे खडे, पितळी भांड्यावरची नक्षी.

सातपुड्यात, म्हणजे यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळला, नाहीतर दक्षिणेला चाळीसगावकडच्या पाटणादेवीला जाणार असाल तर अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या नाक्यावर विचारूनच आत जा. पण नव्याने शिकणाऱ्याला जंगलाची गरज नाही.

कपाशीच्या शेतात फोटो काढायला गेलो तर चालेल?

मालकाला विचारून. आणि पहिला प्रश्न हा विचारा: फवारणी केव्हा झाली? ताज्या फवारणीच्या शेतात पाऊल ठेवू नका. आपण पानाला नाक लावून श्वास घेत असतो. पायात बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. वाकण्याआधी काठीने गवत हलवा, घोणस आणि फुरसे आपल्याच भागात आहेत.

परवानगी मिळाली की कपाशी म्हणजे खजिना आहे. पानाखाली तुडतुडे, पांढरी माशी, फुलकिडे. बोंडांवर लाल ढेकूण. आणि क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी. प्रत्येक अंडे केसासारख्या देठावर उभे असते. त्यातून निघणारी अळी मावा खाते, म्हणजे ती शेतकऱ्याची मित्र. एकदा पारोळ्याकडच्या एका बाबांना मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हाई मन्हा वावरमा शे का?" मग त्यांनीच मला आणखी तीन पाने उलटून दाखवली. फोटो काढल्यावर शेतमालकाला दाखवत जा.

किडा हलू नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवतात असे ऐकले. करू का?

नाही. चिकटवणे, पंख दुमडणे, कोष तोडून घरी आणणे, यातलेही काही नको. पहाटे लवकर उठले की तोच किडा स्वतःहून स्थिर सापडतो. आग्या मोहोळाजवळ फ्लॅश घेऊन कधीच जाऊ नका.

फोटोतला किडा कोणता, हे कसे कळणार?

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका, जाणकार ओळख सांगतात. त्यासाठी एकच देखणा फोटो पुरत नाही. वरून, बाजूने, चेहरा आणि ज्या झाडावर होता त्याचे पान, असे चार काढा. झाड कळले की अर्धी ओळख पटते. शेतातले गावठी नाव कोणी सांगितले तर तेही लिहून ठेवा.

खरी मॅक्रो लेन्स केव्हा घ्यावी?

जेव्हा रिंग काढ-घाल करताना किडा उडून गेल्याची हळहळ रोजची होईल तेव्हा. घेताना ९०-१०० मिलिमीटरची, वापरलेली बघा. जुन्या मॅन्युअल फोकसच्याही चालतात, कारण या कामात ऑटोफोकसचा आधार आपण एरवीही घेत नाही. ६० मिलिमीटरची स्वस्त पडते, पण १:१ ला किड्याच्या इतके जवळ जावे लागते की चतुर थांबत नाही. वापरलेली लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा न्या, दुकानाच्या दारात एक मुंगी शोधा आणि तिच्यावर दहा फोटो काढून मगच पैसे द्या.